दुर्बिणीने थांबवलेले रक्त पुन्हा का वाहते?

जठरातील व्रणातून, म्हणजे अल्सरमधून, रक्त वाहू लागले तर हल्ली सहसा पोट उघडावे लागत नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टर फुटलेली रक्तवाहिनी शोधतात, तिच्याभोवती अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात आणि तिला क्लिप लावतात किंवा ती उष्णतेने डागतात. रोग्याला हुशारी येते. इकडे कापणी खोळंबलेली असते, म्हणून दुसऱ्याच दिवशी "मला घरी सोडा" असा हट्ट सुरू होतो. धोका नेमका येथेच आहे.

कारण वाहिनी बंद झाली तरी व्रण तसाच असतो. जठरातील आम्ल त्यावरची रक्ताची गुठळी टिकू देत नाही. पुन्हा रक्त वाहते ते बहुधा पहिल्या तीन दिवसांत. म्हणून आम्ल कमी करणारे औषध या दिवसांत शिरेतून देतात. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहा: ओमेप्रॅझोल मिळालेल्या १२० रोग्यांपैकी ८ जणांना महिन्याभरात पुन्हा रक्तस्राव झाला, न मिळालेल्या १२० पैकी २७ जणांना. "सलाईन लावून बिल वाढवतात" असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

घरी आल्यावर शौचाचा रंग पाहावा, लाजू नये. सुरुवातीस जुने रक्त उतरते, त्यामुळे काही दिवस शौच काळे होऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनीही होते. परंतु पिवळे झालेले शौच पुन्हा डांबरासारखे काळे व चिकट झाले, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी झाली, उभे राहताच घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नये. तोंडाने काही न देता, दुर्बीण व रक्त देण्याची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे. पुष्कळदा दुसऱ्यांदाही दुर्बिणीनेच काम भागते.

भातलावणीनंतर कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणण्याची आपली सवय या रोग्याने सोडलीच पाहिजे. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ती कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारावे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही करून घ्यावी. रक्तस्रावाच्या वेळी ती कधी कधी खोटीच निर्दोष येते, तेव्हा काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.