सकाळी तिसऱ्या दाबाला सुरू होणारा कॉम्प्युटर
(घरची यंत्रं, घरची देखभाल : लेखांक ६)

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. बटण दाबलं तरी काहीच हालचाल नाही, ही एक. पंखा गरकन फिरतो आणि लगेच थांबतो, ही दुसरी. पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच, ही तिसरी. कॅबिनेट उचलून दुकानात नेण्याआधी आपल्याकडे यातलं नेमकं काय घडतंय ते नीट पाहून ठेवा. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान फार घाईने केलं जातं, आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो. तिसऱ्या तक्रारीचा संबंध बहुतेकदा रॅमशी असतो. तिच्याकडे पुढच्या आठवड्यात वळू. आज फक्त विजेचं बघू.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये समोरचं बटण हाच खरा स्विच असायचा, २३० व्होल्टची तार थेट त्याच्यापर्यंत यायची. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. प्लगमध्ये वीज आहे आणि मागचा स्विच चालू आहे, तोवर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट सतत देत असतो, कॉम्प्युटर बंद असतानाही. बटण दाबलं की या पाच व्होल्टवर जाग्या असलेल्या मदरबोर्डकडून हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर आणला जातो. त्याबरोबर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. ते स्थिर झाले की तो राखाडी तारेतून ‘सगळं ठीक’ असा निरोप पाठवतो. हा निरोप यायला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात, आणि तो येईपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेलं असतं. आजच्या बहुतेक तक्रारींचं उत्तर या अर्ध्या सेकंदातच सापडतं.

काहीच हालचाल नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. केर काढताना कॅबिनेट सरकतं आणि मागची पॉवर केबल अर्धवट बाहेर येते, हे घरोघरी होतं. एसएमपीएसच्या पाठीवर छोटा स्विच असेल तर तो बघा. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा; त्याच सॉकेटवर आधी टेबललॅम्प लावून खात्री करून घ्या. मग केबल काढून समोरचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरा, थोडं थांबा आणि पुन्हा जोडा. विजेच्या झटक्यानंतर एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, तो कधीकधी एवढ्याने मोकळा होतो.

एवढं करूनही शांतता असेल तर समोरच्या बटणावरच संशय घ्या. ते बटण वर्षानुवर्षं दाबून झिजतं, अडकतं. याची परीक्षा सोपी आहे. केबल काढून कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा. बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसवलेल्या असतात. त्या काढून तिथे रीसेट बटणाच्या तारा बसवा, केबल जोडा आणि रीसेट दाबा. यंत्र सुरू झालं तर दोष फक्त बटणाचा होता.

पंखा फिरून थांबतो तेव्हा चित्र वेगळं असतं. एसएमपीएस सुरू व्हायला तयार आहे, पण कुठेतरी शॉर्ट दिसल्यामुळे तो स्वतःहून मागे फिरतोय. केबल काढून आधी बाहेरचं सगळं काढा : पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम. यूएसबीच्या खाचेतली वाकलेली पिनसुद्धा अख्खा कॉम्प्युटर अडवू शकते. मग हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी घट्ट बसली आहे ना, तेही बघा. कॅबिनेट नुकतंच उघडलं असेल तर मदरबोर्डखाली एखादा स्क्रू पडलाय का ते शोधा. यंत्र सुरू झालं की काढलेली वस्तू एकेक करून परत जोडायची, आणि दर वेळी जोडण्याआधी केबल काढायची.

आता शीर्षकातली तक्रार. सकाळी पहिल्या दाबाला पंखा हलतो आणि थांबतो, दुसऱ्या दाबाला तेच, तिसऱ्याला सुरू होतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. लोक यावर उपाय काढतात तो म्हणजे कॉम्प्युटर बंदच न करणं. पण हे लक्षण अगदी स्पष्ट बोलतं. एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर ही द्रव भरलेली छोटी ॲल्युमिनियमची नळकांडी असतात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. धुळीने पंखा मंदावलेल्या बंद डब्यात ती हळूहळू सुकतात. सुकलेला कपॅसिटर थंड असताना पुरवठा स्थिर ठेवू शकत नाही, ‘सगळं ठीक’चा निरोप वेळेत जात नाही, आणि यंत्र थांबतं. एकदोन प्रयत्नांत तो किंचित गरम होतो आणि काम निभावून नेतो. म्हणूनच हा त्रास थंडीत वाढतो.

मदरबोर्डवरही हे डोळ्यांनी दिसू शकतं. प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल, माथ्यावरची फुलीसारखी खाच उघडून तिथे तपकिरी चिकट डाग पडला असेल, तर तो कपॅसिटर संपलाय. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष द्रवामुळे जगभर असे मदरबोर्ड मोठ्या संख्येने गेले. आता चांगल्या बोर्डांवर घन प्रकारचे कपॅसिटर असतात.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, कुतूहल कितीही असलं तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. हिरवी आणि एक काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवण्याची चाचणी दुकानांत करतात. तिच्यावर फार विसंबू नये. एसएमपीएस जागा होतो एवढंच तिच्यातून कळतं, भार पडल्यावर तो टिकेल का हे कळत नाही. मल्टिमीटर असेल तर यंत्र चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे चालत असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं. दुकानदाराला तेच करायला सांगा, आणि तेही आपल्यासमोर.

नवा घेताना लेबलवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते विचारा, कारण आजच्या यंत्राचा जवळजवळ सगळा भार त्याच पुरवठ्यावर असतो. कॅबिनेटसोबत आलेला हलका डबा बहुधा इथेच कमी पडतो. आणि तुमचा कॉम्प्युटर सध्या तिसऱ्या दाबाला का होईना सुरू होत असेल, तर आजच फोटो, कागदपत्रं, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. एसएमपीएसची खरेदी उद्या केली तरी चालेल.