पोटखराब क्षेत्र व हिंगोली जिल्ह्याचा वारसा

सातबारा उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या जोडीस ‘पोटखराब’ म्हणून एक आकडा असतो. त्यावर आकारणी नाही, म्हणून ती जमीन निकामी, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत आपल्या जिल्ह्याच्या वारशास कशी घातक ठरते, हे शेतकरी बंधूंच्या ध्यानी आणून देणे हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम भूमीचा विचार करू. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनमध्ये तप्त शिलारसाचे थरावर थर पसरले व थिजून काळा पाषाण झाला. तोच झिजून मुरूम व त्यापुढे काळी माती झाली. काळी माती ओल धरून ठेवते, तर मुरमाड जमिनीतून पाण्याचा निचरा होतो. हळदीस ओल हवी, पण तुंबलेले पाणी खपत नाही. म्हणून ती गादीवाफ्यावर लावतात. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या भूमीच्या व येथील कष्टकऱ्यांच्या नावे मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच काळ्या पाषाणातून औंढा येथील नागनाथाचे देवालय उभे राहिले. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावरून या बांधणीस हेमाडपंती म्हणतात. घडीव चिरे चुन्यावाचून एकमेकांत बसविणे, ही तिची खूण. देवालयाच्या खालच्या भागावरील कोरीव काम जुने असून शिखराकडील भाग पुढील काळात नव्याने बांधलेला आहे. येथेच विसोबा खेचरांचा उपदेश नामदेवांस झाला, अशी परंपरा सांगते. नामदेवांचा जन्म १२७० साली नरसी येथे झाला, असे मानतात. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. आपल्या कयाधूकाठच्या नरसीस पंजाबचे भाविकही येतात, ते याच नात्याने.

आता पाण्याकडे वळू. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते त्याच्या भेगांत व वरच्या मुरमात साठते. विहिरी आणि जुन्या दगडी बारवा या साठ्यावर जगतात. ओढ्याचा काठ, मुरमाड उतार व गायरान या पाणी मुरण्याच्या जागा होत. पळस, बोर, बाभूळ, कडुनिंब हे वृक्ष बहुधा तेथेच वाढतात. ओढा बुजवून नांगरला, म्हणजे पावसाचे पाणी माती घेऊन कयाधूत जाते व तेथून पैनगंगेस मिळते. विहीर मात्र कोरडी राहते. चार गुंठे वाढविण्यासाठी चार एकरांचे ओलीत घालविणे, हा व्यवहार तोट्याचा नव्हे काय?

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. पोटखराब क्षेत्राचे दोन वर्ग आहेत. वर्ग (अ) म्हणजे खडकाळ वगैरे कारणांनी लागवडीस अयोग्य जमीन; खळ्याची जागाही त्यातच येते. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्याही उपयोगाचा ओढा वा तलाव, दफनभूमी इत्यादींखालील जमीन. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन, वर्ग (अ) मधील जमीन शेतकऱ्याने लागवडीस आणली असल्यास ती लागवडीयोग्य क्षेत्रात घेण्याची सोय झाली. वर्ग (ब) ला ही सवलत नाही. तीवर नांगर घालणे म्हणजे साऱ्या गावाच्या हक्कावर नांगर घालणे होय.

यास्तव तीन गोष्टी कराव्यात. पहिली, तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घेऊन ओढे व वाटा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहाव्यात. दुसरी, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीत आपल्या शिवारातील झाडे, पक्षी, जुनी बियाणी व वनौषधी वडीलधाऱ्यांस विचारून नोंदवाव्यात. तिसरी, गावच्या बारवेतील गाळ पावसापूर्वी सर्वांनी मिळून काढावा; परंतु तिचे चिरे हलवू नयेत, की त्यांस सिमेंटचा गिलावा देऊ नये.

औंढ्याच्या देवालयाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. बांधालगतच्या ओढ्यास मात्र जमीनधारकावाचून दुसरा वाली नाही. तरी पेरणीपूर्वी प्रत्येकाने आपल्या उताऱ्यावरील पोटखराबाचा आकडा एकवार पाहावा व तो कशाचा आहे, याची शिवारात जाऊन खात्री करावी, अशी विनंती आहे.