२८ जुलै आणि आपल्या गरोदर बहिणी

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आज हीच तारीख जागतिक हिपॅटायटीस दिन म्हणून पाळली जाते.

बल्लारपूरच्या एका वस्तीतील सात महिन्यांची गरोदर बहीण माझ्याकडे आली होती. तपासणीत हिपॅटायटीस बी, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, निघाली. एका दवाखान्याने बाळंतपण करण्यास नकार दिला. घरी सासूने तिचे ताट-लोटा वेगळे केले. ज्या समाजाने वेगळ्या भांड्याचा अपमान पिढ्यान्पिढ्या सोसला, त्याच्याच घरात हे घडावे? हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो.

बाळाला वाचवता येते. जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, पुढे लसीचे उरलेले डोस. आईच्या रक्तात विषाणू जास्त असल्यास सातव्या महिन्यापासून टेनोफोविरची गोळी. आईने अंगावर पाजायला हरकत नाही. हे टाळले आणि जन्मवेळी लागण झाली, तर दहापैकी नऊ बाळांना आजार कायमचा चिकटतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

हिपॅटायटीस ई सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येतो. इचलकरंजीने २०१२ साली ते भोगले. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास शंभरात वीस-पंचवीस मातांपर्यंत दगावू शकतात. गळ्यात माळ घालून, कावीळ उतरवून तो जात नाही. तात्काळ जिल्हा रुग्णालय गाठावे. चवदार तळ्याचा संगर पाण्याच्या हक्काचा होता. शुद्ध पाण्याची मागणी हा त्याचाच पुढचा टप्पा.

कायदा काय म्हणतो? तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ठरवले. एचआयव्हीबाधितांना भेदभावाविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. हिपॅटायटीसबाधितांना तसा नाही. तो मिळावा, ही चळवळीची मागणी असली पाहिजे.

त्या बहिणीच्या बाबतीत "नकार लेखी द्या" एवढे म्हणताच दार उघडले. बाळाला लस वेळेत मिळाली. पण प्रत्येक बहिणीबरोबर वकील कुठून जाणार? म्हणून विहाराविहारात, महिला मंडळात ही माहिती पोहोचवा. आणि आधी आपल्या घरातले ते वेगळे ताट उचला.

जय भीम!