बाय-टू

आपल्या भागात हॉटेलात दोघं गेले आणि कॉफी एकच मागवली, तरी वेटरला त्यात काही वावगं वाटत नाही. 'बाय-टू' म्हटलं की एका कॉफीचे दोन कप करून तो निमूट समोर ठेवतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं भारी नवल वाटतं. आमच्या संसाराची तर सुरुवातच या बाय-टूनं झाली.

लग्न झालं १९८४ साली. माझं माहेर बेळगावातच, शहापूरला. घरात चोख मराठी. सासर मूळचं धारवाडचं, घरात कन्नड. ह्यांची बँकेतली नोकरी बेळगावला, म्हणून सगळं बिऱ्हाड टिळकवाडीत. मराठी-कन्नड सोयरिकी आपल्याकडे नव्या नाहीत, त्यामुळे लग्नाला कुणी नाक मुरडलं नाही. अडचण वेगळीच होती. तीन खोल्यांत सासू-सासरे, दोन नणंदा, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे म्हटलं तर मधे कुणी ना कुणी असायचंच. त्यात माझं कन्नड बाजारहाटापुरतं. 'उप्पू', 'हालू', 'साकू', 'ब्याडा' एवढ्या भांडवलावर मी दिवस ढकलत होते.

तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे. ह्यांनी एक युक्ती काढली. संध्याकाळी मारुती गल्लीतल्या मारुतीच्या दर्शनाला जायचं. दर्शनाला सुनेनं जाऊ नये असं कोण म्हणणार? दर्शन व्हायचं आणि तिथून पावलं वळायची ती उडुपी हॉटेलाकडे. जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, आठवतं ना? लाकडी फळ्यांचा आडोसा आणि दाराला मळका पडदा. त्या पडद्याआड आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी मोकळेपणी बोललो. घरात मी त्यांना सासूबाईंसारखं कन्नडमधून 'री' म्हणायची. पडद्याआड 'अहो' म्हणायची. ते मराठी शिकले तिथे, आणि मी कन्नड शिकले तेही तिथेच.

दोघांत मिळून दोन मसाला डोसे आणि शेवटी एक कॉफी, बाय-टू. त्या काळी पगारात बसायचं ते एवढंच. वेटरनं कितीही जपून ओतली तरी एका कपात घोटभर जास्त असायचीच. तो कप हे न बोलता माझ्याकडे सरकवायचे.

हे गुपित फार दिवस टिकलं नाही. एका शनिवारी घरात पाय टाकला, तशा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हणमप्पा ईग सांबार कोडतानेनु?" मारुती हल्ली प्रसादात सांबार देतो की काय! साडीला वास लागला होता. मला वाटलं, आता संपलं. अत्तींचं मडी कडक होतं. मडी म्हणजे आपलं सोवळं. त्यांनी जन्मात हॉटेलचं पाणी घेतलं नव्हतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आठच्या आत या, भाकऱ्या राहिल्यात." पुढे आम्ही निघालो की त्याच विचारायच्या, "आज हणमप्पा नाही का?"

ह्यांना नुसतं खाऊन समाधान नसे. पदार्थाचं कूळ-मूळ शोधायची हौस. बेळगावात आपण ज्याला उप्पीट म्हणतो ते कन्नड 'उप्पिट्टू', आणि धारवाडकडची पाटीवरची 'खानावळी' म्हणजे मराठी खानावळ, हे त्यांनीच मला दाखवलं. भाषेवरून माणसं भांडतात, पण जेवण कधीच सीमा ओलांडून गेलं, असं ते म्हणायचे. धारवाडला गेलो की गिरमिट आणि मिरची भजी, हुबळीला खानावळीत जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई आणि शेंगाचटणी. १९९६ साली बंगळूरला गेलो तेव्हा सकाळी उठून लालबाग रोडवरच्या एमटीआरच्या रांगेत उभे राहिलो. १९२४ साली सुरू झालेलं ते हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा तिथल्या लोकांनी रव्याची इडली करून पाहिली आणि रवा इडली जन्माला आली, असं तिथे सांगतात. रांगेत उभ्या असलेल्या चार अनोळखी माणसांना ह्यांनी ही हकिकत ऐकवली, निम्मी कन्नडमधून, निम्मी मराठीतून. ह्यांचं बोलणं म्हणजे असं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

२०१७ साली हे निवृत्त झाले. आता रोजच शनिवार, म्हणून आम्ही हसलो होतो.

२०१८ च्या जानेवारीत एका सकाळी हे उठले ते उजवा हात लुळा आणि तोंड वाकडं. मला हाक मारायला गेले, पण नुसता आवाज आला, शब्द नाही. लगेच इस्पितळात नेलं. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ह्यांना झटका झोपेत आलेला, केव्हा आला ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे ते देता आलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. बोलणं बहुतेकांचं त्याच बाजूला असतं. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. बुद्धी जागच्या जागी आहे, त्यांना समजतंय, पण शब्द सापडत नाहीत.

घरी आल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे घरात कुठली भाषा बोलतात?"

साधा प्रश्न, पण घरात एक सीमाप्रश्नच उभा राहिला. धारवाडची नणंद म्हणाली, मातृभाषा कन्नड, तीच बोला. माझा भाऊ म्हणाला, गेली तीस वर्षं बायको-मुलाशी मराठीत बोलताहेत, मराठीच बोला. दोघांचे आवाज चढले. १ नोव्हेंबरला आपल्या गावात जे रस्त्यावर दिसतं, ते आमच्या हॉलमध्ये दिसू लागलं. आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होते.

बाईंनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाल्या, "कुठलीच भाषा बंद करू नका. दोन भाषांच्या माणसाला झटका आला की बहुतेक वेळा दोन्हींना धक्का बसतो आणि दोन्ही हळूहळू परततात. काहींची एक आधी येते, एक मागून. लहान वाक्यं बोला. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा. आणि महत्त्वाचं म्हणजे, ते शब्द शोधत असताना तुम्ही तो पुरवू नका. थांबा."

मी मान डोलावली. केलं मात्र उलटंच. त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की मी शब्द पुढे करायची. 'पाणी? पेपर? पंखा बंद करू?' त्यांना त्रास नको, हा एवढाच हेतू. सुरुवातीला पातळ पदार्थ गिळताना ठसका लागायचा, म्हणून चहा-कॉफी बंद होती. ताठ बसवून, दाट केलेलं, चमचा चमचा भरवत होते. पुढे गिळणं सुधारलं आणि कॉफी सुरू झाली. कन्नडमधून एक ते दहा आकडे तर न अडखळता येऊ लागले. पाठ असलेलं असं आधी परततं म्हणे. पण मनातलं बोलायला गेले की गाडी अडायची.

आणि हॉटेल? त्याचं नाव काढलं की ते मान हलवायचे. डाव्या हातानं खायचं, ओठाच्या कोपऱ्यातून सांडायचं, लोकांनी पाहायचं. चौदा महिने आम्ही गेलो नाही. मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं मसाला डोसा पार्सल आणला. पुडक्यात वाफ धरून डोसा चामड्यासारखा झालेला. ह्यांनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. मुलगा म्हणाला, "बाबांना आता डोसा आवडत नाही वाटतं." मला वाटलं, ह्यांना डोसा नकोसा झाला नसेल. ह्यांना शनिवार हवा असेल.

२०१९ च्या मार्चमध्ये एका शनिवारी मी नवी साडी नेसले आणि म्हटलं, "चला, हणमप्पा." बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग चपलांकडे बोट केलं.

चारच्या सुमाराला गेलो, गर्दी नसते म्हणून. ज्या पायऱ्या पस्तीस वर्षं आमच्या लक्षातही आल्या नव्हत्या, त्या त्या दिवशी मोजल्या. तीन होत्या, आणि धरायला कठडा नाही. फॅमिली रूम केव्हाच गेली, तिथे आता एसी हॉल झालाय. हात धुवायच्या जागेजवळचं टेबल धरलं. वेटर नवा पोरगा होता. त्यानं ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "साहेबांना काय आणू?"

त्या पोराचा दोष नाही. सगळे तसंच करतात. डॉक्टरांकडे, बँकेत, लग्नात, ह्यांच्याबद्दलचे प्रश्न मलाच विचारतात. आणि मी उत्तर देते. तेव्हाही दोन मसाला म्हणून सांगायला मी तोंड उघडलंच होतं, तोच ह्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. दाबला. गप्प बस, असा.

मी गप्प बसले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. कपाळावर घाम आला. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी वेटरला हाक मारली. माझ्या जिभेवर सगळे पदार्थ रांगेनं उभे होते, आणि मी ते गिळत होते. ते पोरगं मात्र शहाणं निघालं. हललं नाही. जरा वाकून ह्यांनाच म्हणालं, "एन बेक्री?"

"बाय... टू."

पोरानं तिथूनच आत आवाज दिला, "वंदु कॉफी, बाय-टू!"

डोशाआधी कॉफी आली. आमच्या जन्मात असं झालं नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही. मुलाला फोन केला तेव्हा त्यानं पहिलं काय विचारावं? "कुठल्या भाषेत बोलले?" मी म्हटलं, "हॉटेलच्या." कप आले तेव्हा ह्यांनी दोन्हींत डोकावून पाहिलं आणि डाव्या हातानं, थोडी बशीत सांडत, भरलेला कप माझ्याकडे सरकवला.

त्या दिवसापासून शनिवार पुन्हा सुरू झाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉटेलं बंद झाली. जूनमध्ये ती उघडली, तरी पुढे कितीतरी दिवस आमची जायची हिंमत झाली नाही. मग घरच्याच टेबलावर शनिवार केला. पदर खोचून मी वेटर व्हायची, 'एन बेक्री?' विचारायची, आणि हे ऑर्डर देईपर्यंत उभी राहायची. कधी पाच मिनिटं लागायची. एकदा पदार्थ नीट सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या अंगावरच्या एप्रनकडे पाहिलं आणि म्हणाले, "चटणी... ज्यादा." दोन शब्द, दोन्ही मनातले. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, याहून चांगला सराव मी देऊ शकले नसते.

आता हे दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतात. एखादा शब्द मराठी, एखादा कन्नड, क्रियापद बहुधा गायब. रक्तदाबामुळे लोणचं-पापड बंद आहे, मिठावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मसाला डोसाही एकच, तोही बाय-टू. सांबार वाटीत आणि चमचा आठवणीनं मागतो. डोशाचे तुकडे मी करून देते. पण मागवतात ते. पैसेही तेच देतात, डाव्या हातानं नोटा मोजत. गल्ल्यावरच्या मालकांना घाई असली तरी ते थांबतात.

रांगेत रवा इडलीचा इतिहास सांगणारा माणूस परत येईल असं मला वाटत नाही. कधीकधी त्याची फार आठवण येते. पण समोर बसतात तेही हेच आहेत, आणि त्यांना काय खायचंय ते त्यांनाच माहीत आहे.

तुमच्या घरातही असं कुणी असेल तर शनिवारी त्यांना बाहेर घेऊन जा. गर्दी नसेल अशी वेळ बघा, पायऱ्या कमी असतील असं हॉटेल बघा. वेटरनं तुम्हाला विचारलं, तर 'त्यांनाच विचारा' म्हणा. आणि मग थांबा. पलीकडचं टेबल बघू दे. डोसा गार होईल, होऊ दे.