डावी खुर्ची

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीचा म्हणून ओळखला जात असला, तरी गडमुडशिंगीशीही त्याचा सख्खा शेजार आहे. धावपट्टी वाढवायची ठरली, तेव्हा या गावची शेतजमीनही त्यासाठी लागली. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९मध्ये हा विमानतळ सुरू झाला. त्यामुळे विमान या पट्ट्यातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचं आहे. ते चालवायचं कसं आणि तिथवर पोचायचं कसं, हे मात्र गावातल्या मुलींना आजही क्वचितच कुणी नीट सांगतं.

त्यासाठी आधी विमानाच्या कॉकपिटमधल्या दोन खुर्च्या समजून घ्यायला हव्यात. प्रवासी विमानात उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर बसतो आणि डाव्या खुर्चीत कॅप्टन. विमान दोघांनाही चालवता येतं आणि दोघं ते आलटून पालटून चालवतातही. पण उड्डाण करायचं की थांबायचं, वादळ समोर आल्यावर पुढे जायचं की दुसऱ्या विमानतळावर वळायचं, याचा अखेरचा निर्णय डाव्या खुर्चीचा. वैमानिकांच्या भाषेत याला ‘कमांड’ म्हणतात. विमानविद्येतल्या स्त्रियांचा इतिहास आपण बहुधा ‘पहिली’च्या यादीत वाचतो. परवाना मिळवणं हा त्यातला निम्मा भाग. उरलेला निम्मा कमांड मिळवण्याचा आहे, आणि तोच जास्त अवघड गेला.

परवाना मिळाला, पुढे काय?

जगात पहिल्यांदा वैमानिकाचा परवाना एका स्त्रीला मिळाला तो ८ मार्च १९१० रोजी, फ्रान्समध्ये. तिचं नाव रेमाँद द लारॉश. भारतात १९३२ साली ऊर्मिला पारीख यांना ‘ए’ परवाना मिळाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपालाचं विमान आणलं. १९३६मध्ये लाहोरला सरला ठकराल या एकविशीतल्या तरुणीनं साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. त्यांना व्यावसायिक वैमानिक व्हायचं होतं. पण १९३९मध्ये वैमानिक पतीचं निधन झालं, पाठोपाठ महायुद्ध सुरू झालं आणि प्रशिक्षण थांबलं. फाळणीनंतर त्या दिल्लीत आल्या, कपडे आणि दागिन्यांच्या डिझाइनमध्ये त्यांनी नाव कमावलं. आकाश मात्र मागे राहिलं.

परवाना आणि नोकरी यांच्यातलं अंतर खऱ्या अर्थानं मोजलं ते प्रेम माथूर यांनी. १९४७ साली त्यांच्या हाती व्यावसायिक परवाना आला. १९४९मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. पण परवाना असूनही एकामागून एक आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं संधी दिली, पण को-पायलट म्हणून, म्हणजे उजव्या खुर्चीत. उड्डाणाचे तास पूर्ण झाल्यावर त्यांनी कमांड मागितली. ती मिळाली नाही. परवाना तोच, तास तेवढेच, विमानही तेच. अडली ती फक्त खुर्ची.

दुर्बा बॅनर्जी यांची कथाही याच वळणाची. हवाई सर्वेक्षणाच्या कामात डाकोटा विमान चालवण्याचा अनुभव गाठीशी असताना त्यांनी इंडियन एअरलाइन्सकडे अर्ज केला. तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी त्यांना हवाई सुंदरीची नोकरी सुचवली, असं सांगितलं जातं. त्यांनी ती नाकारली, आणि १९६६ साली वैमानिक म्हणूनच त्या तिथं रुजू झाल्या.

ताकदीचा मुद्दा आणि सौदामिनी देशमुख

या नकारांमागे एक कारण सतत पुढे केलं जाई: विमानाचे कंट्रोल जड असतात, बाईच्या हातात तेवढं बळ नसतं. या म्हणण्याला आधार किती होता, ते यंत्राकडे बघूनच ठरवायला हवं. फोकर एफ-२७ या विमानात वैमानिकाच्या हातातला दांडा तारांनी थेट पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांना जोडलेला असे. मदतीला हायड्रॉलिक शक्ती नसे. वाऱ्याचा जोर थेट हाताला जाणवे. बोइंग ७३७मध्ये तो भार हायड्रॉलिक यंत्रणा उचलते. एअरबस ए-३२०मध्ये तर बाजूची छोटी दांडी संगणकाला फक्त इशारा देते आणि बाकीचं काम यंत्रणा करते.

म्हणजे ताकदीचा मुद्दा कुठे लागू पडत असेल, तर तो फोकरला. आणि नेमक्या त्याच फोकरवर तो कायमचा निकालात निघाला. नोव्हेंबर १९८५मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या कलकत्ता ते सिल्चर या उड्डाणाच्या डाव्या खुर्चीत होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि उजव्या खुर्चीत निवेदिता भसीन. पूर्णपणे स्त्रियांनी चालवलेलं ते उड्डाण होतं. पुढे बोइंग ७३७ विमानाचंही सर्व-महिला उड्डाण सौदामिनी देशमुख यांच्याच कमांडखाली झालं. आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर कर्तबगार स्त्रियांच्या तसबिरी असतात. त्यांत हा मराठी चेहरा अजून फारसा दिसत नाही, ही उणीव भरून काढायलाच हवी.

निवेदिता भसीन यांना उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत यायला फार वर्षं लागली नाहीत. १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, मुंबई–औरंगाबाद–उदयपूर या मार्गावर त्यांनी जेट विमानाची कमांड घेतली. प्रेम माथूर यांनी मागितलेली गोष्ट चार दशकांनी इतकी सहज घडली, कारण मधल्या काळात एकेका स्त्रीनं निमूटपणे तास भरले होते. त्यांना एकत्र बांधणारी माणसंही होती. चंदा सावंत-बुधभट्टी यांच्या पुढाकारानं १९६७ साली भारतीय महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली. परवाना हाती आलेल्या नव्या मुलीला विचारायला कुणीतरी असणं, ही या क्षेत्रात फार मोठी गोष्ट असते.

लष्करी विमानांची दारं त्यानंतर उघडली. हवाई दलाच्या हरिता कौर देओल यांनी २ सप्टेंबर १९९४ रोजी एकटीनं अ‍ॅव्हरो उडवलं. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग १८ जून २०१६ रोजी लढाऊ विमानांच्या तुकडीत दाखल झाल्या. मे २०२२मध्ये नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रातून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या हवाई विभागातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या.

जगाच्या तिप्पट, पण कशामुळे?

आज भारतातल्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे; जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. हे आपोआप घडलेलं नाही. एनसीसीच्या हवाई विभागानं कॉलेजातल्या मुलींना छोट्या विमानात बसवलं. विमान कंपन्यांनी रात्री-अपरात्री ड्यूटीला नेणारी-आणणारी सुरक्षित वाहनं दिली, बाळंतपणाची रजा दिली. आणि मूल सांभाळायला आजी-आजोबा घरात असणं, याचाही या यशात मोठा वाटा आहे.

तरीही एक अडचण उरते, ती तासांची. एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी १५०० तासांचं उड्डाण लागतं, आणि डाव्या खुर्चीसाठी कंपनीच्या अटी त्याहून वेगळ्या. गरोदरपणात उड्डाण थांबतं, तेव्हा लॉगबुकमध्ये तासांची भर पडणंही थांबतं. बरोबरीनं नोकरीला लागलेला सहकारी तेवढा पुढे निघून जातो. म्हणून एकूण टक्केवारी समाधान देत असली, तरी पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: यांतल्या कॅप्टन किती?

गडमुडशिंगीतून कॉकपिटपर्यंत

आता व्यवहाराचं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. हे विषय घेतले नसतील, तर मुक्त विद्यालयातून नंतर देता येतात. विद्यार्थी परवाना सोळाव्या वर्षी काढता येतो, व्यावसायिक परवान्यासाठी अठरा पूर्ण लागतात. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी, म्हणजे पैसे भरल्यावर निराशा पदरी पडत नाही. चष्मा आहे म्हणून पायलट होता येत नाही, हा गैरसमज आहे. नागरी विमानसेवेत चष्मा चालतो, रंग ओळखता येणं मात्र आवश्यक असतं. मग दिशादर्शन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा, आणि २०० तासांचं उड्डाण. त्यासाठी बारामती, शिरपूर, नागपूर, गोंदिया इथं सोय आहे. उत्तर प्रदेशात इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था आहे.

खरा डोंगर आहे तो खर्चाचा. सगळं मिळून अर्ध्या कोटीच्या आसपास जातं. उसाच्या बिलावर चालणाऱ्या घरानं मुलीसाठी एवढं कर्ज काढायचं, तर बँक आधी तारण मागते. मुलाच्या शिक्षणासाठी गहाण पडणारी जमीन मुलीसाठी पडते का, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरानं प्रामाणिकपणे द्यावं. पण सगळा भार घरावर टाकणंही न्याय्य नाही. ज्या गावांच्या जमिनीवर धावपट्ट्या वाढल्या, त्या गावांतल्या मुलींसाठी प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती ठेवणं सरकारला आणि विमान कंपन्यांना अशक्य नाही. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो. शिष्यवृत्तीतून घडलेली वैमानिक पुढची तीस-चाळीस वर्षं कमावते आणि गावातल्या दहा मुलींना वाट दाखवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी. आणि विमान कंपन्यांनी दरवर्षी महिला वैमानिकांचा आकडा जाहीर करताना त्यातल्या किती जणींकडे कमांड आहे, तेही सोबत छापावं.