वळवाचे आभाळ आणि खेळाचे मैदान

चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी मांडवात बसून व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. योगायोग असा, की आपल्या देशाच्या हवामान खात्याची स्थापनाही त्याच सालची. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु ज्या ऋतूत आणि ज्या घटकेस आपण व्याख्यानास येऊन बसतो, तोच ऋतू आणि तीच घटका वळवाची असते, आणि मैदानावर खेळ रंगात येतो तोही त्याच वेळी. महाविद्यालयांच्या क्रीडामंडळांनी बिघडत्या हवेत काय करावे, हा विषय आम्ही घेतला आहे तो यामुळे. दिसावयास तो किरकोळ आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांची मुले-मुली कोठल्या ना कोठल्या मैदानावर जातात, आणि त्यांना तेथे बोलावणारे आपणच असतो.

चौसाळा हे बीड तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. या परिसरातले कोणतेही मैदान डोळ्यांसमोर आणावे. जागा सपाट आणि उघडी, कडेला एखादे लिंबाचे झाड, एका अंगास पत्र्याचे छप्पर, आणि मधोमध दहा-वीस तरुण उभे. अशा माळावर चहूकडे नजर टाकली, तर त्या झाडाखालोखाल उंच वस्तू म्हणजे हे खेळाडूच, असे आढळून येईल.

एप्रिल-मे महिन्यांत ही जमीन भाजून निघते. पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, आणि समुद्रावरून आलेला ओलावा तिला मिळाला की दुपारनंतर पाहता पाहता ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांची उंची दहा-बारा किलोमीटरांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक जाते. एवढ्या उंचीवर बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळतात, ढगाच्या वरच्या व खालच्या भागांत विरुद्ध प्रकारचे विद्युत्भार साठतात, आणि तो ताण हवेला सोसेनासा झाला की वीज कडाडते. त्या प्रवाहाची तीव्रता साधारण तीस हजार अँपियरच्या घरात असते, आणि तिच्या वाटेवरची हवा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते. गडगडाट तो या हवेच्या एकाएकी फुगण्याचा.

आपल्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक नक्षत्रांच्या नावांनी ठाऊक आहे. रोहिणी-मृगाचा पाऊस वाजतगाजत येतो, मधल्या आषाढ-श्रावणात विजा त्या मानाने कमी असतात, आणि हस्त-चित्रात पुन्हा कडकडाट सुरू होतो. आता विद्यापीठाचे वेळापत्रक पाहावे. बीड जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठात काय, किंवा राज्यातील इतर विद्यापीठांत काय, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून रंगू लागतो. म्हणजे हस्त-चित्रा त्यात सापडतात. उन्हाळ्यातली शिबिरे आणि गावोगावचे चेंडूफळीचे सामने वळवात सापडतात. धोक्याचे दोन्ही काळ आपण खेळासाठी राखून ठेवल्यासारखे झाले आहे.

वीज पडून आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत बहुसंख्य शेतात राबणारी असतात, आणि मराठवाड्यास तर ही बातमी नवी नाही. खेळाडूंचा वाटा त्यांत लहान आहे, हे खरे. मग त्यांचाच विचार वेगळा का करावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की काढणीला आलेले सोयाबीन भिजू नये म्हणून शेतकरी जिवावर उदार होतो, त्यामागे त्याच्या पोटाची निकड असते. खेळाला अशी कोणतीही निकड नाही. सामना अर्ध्या तासाने खेळता येतो, उद्या खेळता येतो, न खेळला तरी चालतो.

२०२४ सालच्या दोन घटना पाहाव्यात. १० फेब्रुवारी रोजी इंडोनेशियातील बांडुंग येथे फुटबॉलच्या मैत्रीच्या सामन्यात एका खेळाडूवर वीज पडली व तो गेला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पेरू देशात वानकायोजवळ चिल्का येथे दुसऱ्या सामन्यात असेच घडले. या दुसऱ्या घटनेत विशेष लक्षात घेण्याजोगे हे, की पंचांनी सामना आधीच थांबविला होता. खेळाडू मैदानाबाहेर निघाले होते, आणि चालता चालता त्यांच्यावर वीज कोसळली. एक गेला, कित्येक जखमी झाले. सामना थांबविणे आणि खेळाडू सुरक्षित जागी पोहोचणे या दोहोंमध्ये काही मिनिटे जातात. ती मिनिटे आधीच हिशेबात धरावी लागतात.

हिशेब सोपा आहे. प्रकाश तत्काळ दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून मनात आकडे मोजावेत. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत पडली आहे. हे अंतर आपल्याला लांबचे वाटते. परंतु वादळी ढगाची वीज ढगापासून दहा किलोमीटर दूर, जेथे डोक्यावर निळे आकाश आहे अशा जागीही पडू शकते. किंबहुना मोजत बसण्याचीही गरज नाही असे आम्ही म्हणू. गडगडाट कानी आला, की आपण त्या ढगाच्या टप्प्यात आलो असे समजून खेळ थांबवावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे कोणीही मैदानावर पाऊल टाकू नये, आणि मध्येच पुन्हा आवाज आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून लावावे. पाऊस उघडला हे खेळ सुरू करण्यास कारण नव्हे. ओसरत्या वादळातही पुष्कळ माणसे बळी पडतात.

मात्र गडगडाट ऐकू यावयास हवा! आपल्या सामन्यांत ध्वनिक्षेपकावरून धावते वर्णन चाललेले असते, हलगी वाजत असते, चौकार गेला की आरोळ्या उठतात. त्या गदारोळात दहा किलोमीटरांवरचा आवाज कोणाच्या कानी पडणार? म्हणून आभाळाकडे कान देणारा मनुष्य कर्ण्यापासून दूर, मैदानाच्या पलीकडच्या टोकास असावा. त्याच्या हाती दूरध्वनी संच असावा, कारण आता कानावरच विसंबण्याचे कारण राहिलेले नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय काढली आहे. आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरांच्या परिघात विजा पडत आहेत काय, हे त्यावर दिसते. हवामान खातेही जिल्हावार रंगीत इशारे देते व पुढील तीन तासांपुरती सूचना वेगळी काढते. सकाळी पिवळा किंवा नारिंगी रंग दिसला, तर दुपारचा सामना सकाळी उरकून घेणे शहाणपणाचे.

आता थांबल्यावर जावे कोठे? बहुतेक मैदानांवर सारा घोळ येथेच होतो. लोक झाडाकडे धावतात. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरता उतरता जवळच्या माणसाकडे उडी घेते, आणि उरलेली जमिनीत पसरते. जमिनीत पसरणारी ही वीजच अधिक माणसे मारते. दोन पावलांतले अंतर जितके जास्त, तितका एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघणारा प्रवाह मोठा. झाडाखाली बांधलेली बैलजोडी ठार होते आणि शेजारी उभा गडी कधी कधी वाचतो, त्याचे एक कारण हेच. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर फार, आणि प्रवाहाच्या वाटेवर काळीज येते.

चहूबाजूंनी उघडे असे पत्र्याचे छप्पर किंवा कापडी मांडव हाही आसरा नव्हे. पक्की, बंद इमारत हवी. आत गेल्यावर नळ, वायरी व खिडक्यांचे गज यांना हात लावू नये. इमारत दूर असेल तर संघ ज्या एस. टी. बसने आला तीच उत्तम. खिडक्या लावून आत बसावे. बसची चाके रबराची म्हणून ती सुरक्षित, असा समज आहे तो चुकीचा. वीज पत्र्याच्या कवचावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, हे त्याचे कारण. त्याच न्यायाने रबरी तळाच्या बुटांचा काही उपयोग नाही, आणि उघडी ट्रॉली किंवा मोटारसायकल म्हणजे आसरा नव्हे. बस मात्र मैदानालगत उभी असली पाहिजे आणि चालक जवळपास असला पाहिजे. तो चौकात चहाला गेला असेल तर ती बस असून नसल्यासारखीच.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. जन्मताना पाय आधी आले की डोके, हे विजेला कळण्याचा मार्ग आम्हांस तरी माहीत नाही. परंतु या समजुतीपायी, ‘आपण पायाळू नाही’ म्हणून निर्धास्तपणे मैदानात उभा राहणारा एखादा निघाला, तर ती निरुपद्रवी राहत नाही.

विजेच्या मानाने वाऱ्याकडे आपले लक्ष कमी जाते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वळवाच्या वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे मेली. आपल्या स्पर्धांच्या कमानी, फलक आणि शामियाने इतके मोठे नसतात; पण त्यांचे खांब हातभर खड्ड्यात उभे असतात आणि त्यांच्याखाली गर्दी असते. धुळीचा लोट दिसताच ती गर्दी हलवावी. गारांचे म्हणाल, तर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्यात ज्यांनी पाहिली, त्यांना अधिक सांगणे नको.

उन्हाची गोष्ट निराळी. तेथे गडगडाट होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, आणि ते तर नुसते बसलेले श्रोते होते. धावणाऱ्याच्या अंगात स्नायूंची उष्णता आणखी वेगळी. सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावर घ्यावा, आणि सुटीनंतर आलेल्या मुलाला पहिले आठ-दहा दिवस हळूहळू वाढवीत न्यावे. खेळाडू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की वाहन येईपर्यंत वाट पाहू नये. सर्वांगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा. आधी अंग निववावे, मग दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

विजेने पडलेल्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नये. अशा अपघातात एरवीचा नियम उलटा करावा लागतो. जो कण्हतो आहे तो बहुधा जगणार असतो. जो निपचित पडला आहे, त्याच्याकडे प्रथम धावावे. पुष्कळदा त्याचे हृदय आपोआप पुन्हा चालू होते, पण श्वास बंदच राहतो, आणि श्वासावाचून हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणून छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, आणि दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास, हे १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत चालू ठेवावे. ही विद्या एका दुपारी शिकता येते. प्रत्येक संघात ती येणारे दोघे तरी असावेत.

एवढे सारे ठाऊक असूनही सामना थांबत नाही, याचे कारण ज्ञानाच्या अभावात नाही. अंतिम सामना असतो, शेवटची दोन षटके उरलेली असतात, बक्षिसे द्यावयास आलेले पाहुणे घड्याळाकडे पाहत असतात. शिवाय आपण पावसाची वाट पाहणारी माणसे. आभाळ भरून आले की आपल्याला आनंद होतो, पळून जावेसे वाटत नाही. अशा वेळी ‘थांबा’ कोणी म्हणावयाचे? कर्णधार म्हणाला तर हरतो म्हणून पळतो असे होते, पंच म्हणाला तर पक्षपाती ठरतो. म्हणून हा अधिकार सामन्याच्या निकालाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीकडे, शक्य तर यजमान महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाकडे, आधीच लेखी द्यावा. तो शिक्षक संघाचा मार्गदर्शक असेल तर दुसरा नेमावा. त्याच्या शिट्टीवर पाहुण्यांनाही अपील नसावे.

आणि स्पर्धेच्या पत्रकावर, प्रवेशशुल्क व बक्षिसांच्या रकमा जेथे छापतात त्याच्याच खाली, सामना हवेमुळे थांबल्यास पुढे काय होणार हेही छापावे: धावसंख्या किंवा गुण होते तसे धरावयाचे, राखीव दिवस कोणता, आणि त्या दिवशीही खेळ न झाल्यास बक्षीस दोन्ही संघांत कसे वाटावयाचे. हे आधी ठरलेले असले म्हणजे हरणाऱ्या संघालाही बसकडे धावत जाण्यास कमीपणा वाटत नाही.