मे महिन्यातला घाट आणि गाडीचा ब्रेक

आम्ही लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथल्या बायका. माहेर कुणाचं कोकणात, कुणाचं घाटावर. मे महिना लागला, शाळांना सुट्टी पडली आणि लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला कुटून झाला, की आमच्याकडे गावाला निघायची घाई सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत तुमच्यातले कितीतरी बचत गट कोकम, काजू, आंबा, पापड गाडीत भरून मुंबईला विकायला येतात. तुमची भरलेली गाडी इकडे येते, आमची तिकडे जाते, आणि मधला घाट सगळ्यांना उतरावा लागतो. म्हणून आज ब्रेकबद्दल बोलू.

"उन्हाने ब्रेक गेला," असं आपण ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. बाहेर चाळीस अंशांचं ऊन असलं तरी ब्रेकला ते जड नाही. ब्रेक तापतो तो घासण्याने. गाडीचा वेग कमी करायचा म्हणजे फिरत्या डिस्कला किंवा ड्रमला पॅड नाहीतर लायनर दाबून घासायचा, आणि त्या वेगाची उष्णता करायची. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. माणसं आणि सामान भरलेल्या गाडीची ती सगळी ताकद एकट्या ब्रेकने अडवायची म्हटली, तर तो दोन-तीनशे अंशांच्या पुढे सहज जातो. उन्हाळ्यात तो निवायला वेळ लागतो, इतकाच उन्हाचा दोष.

खरा घोळ आमच्या गिरगावच्या गल्लीत सुरू होतो. इथे गाडी ठेवायला जागा मिळाली की माणूस ती सोडत नाही. एमएच ०१ नंबरची गाडी वर्षभर एका जागी उभी राहते, देवळात आणि लग्नाला तेवढी जाते. "गाडी कुठे फारशी चालली आहे?" म्हणून तिच्या ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही. पण ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं, गाडी चालो वा न चालो. समुद्राकाठच्या दमट हवेत तर जास्तच. बाजारात मिळणारं डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं. शंभर भागांत साडेतीन-चार भाग पाणी मिसळलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात.

ऑइल उकळलं की काय होतं? इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दाबा. दट्ट्या हलत नाही. आता हवा भरून दाबा. दट्ट्या आत जातो, कारण हवा दबते. ब्रेकच्या नळीत वाफ झाली की तसंच होतं. ड्रायव्हर पेडल दाबतो, पेडल तळाला जातं आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. आणखी फसवी गोष्ट म्हणजे, गाडी निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक चांगला लागतो. लोक म्हणतात, "झाला ठीक!" काही ठीक झालेलं नसतं, पाणी आतच असतं. ऑइल बदलायलाच हवं. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. आणताना सीलबंद डबा आणा. मेकॅनिककडच्या अर्ध्या उघड्या डब्यातलं ऑइल आधीच ओल धरून बसलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही सातजणी भाड्याच्या गाडीने निघालो होतो. टपावर मसाल्याचे डबे आणि बॅगा. घाटाच्या उतारावर जळका वास आला. आधी वाटलं, कुठेतरी वणवा असेल. मग मागच्या सीटवरची एक म्हणाली, "दादा, वास आपल्याच गाडीचा येतोय." ड्रायव्हरला राग आला, पण पुढे जागा बघून त्याने गाडी थांबवली. चाकातून धूर निघत होता. तो पाण्याची बाटली घेऊन धावला, तेव्हा आम्हीच त्याला अडवलं. तापल्या तव्यावर गार पाणी टाकल्यावर काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. डिस्क वाकते, ड्रमला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास आम्ही सावलीत बसलो. हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवली आणि चाकांना दगड लावले, कारण तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर तो चिकटू शकतो.

त्याची चूक एवढीच की सगळा घाट तो चौथ्या गियरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होता. ज्या गियरने घाट चढतो, त्याच गियरने उतरायचा. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक अधूनमधून दाबला तरी पुरतो. डिझेल वाचवायला काहीजण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. त्यासारखा वेडेपणा नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते, दोन-चारदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं.

आता कशेडीला बोगदा झाला आहे. पण परशुराम, आंबा, वरंधा, आंबेनळी, करूळ हे घाट आहेतच.

तेव्हा गाडी ठरवताना भाड्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: ब्रेक ऑइल कधी बदललं? लायनर, पॅड कधी पाहिले? गाडीत बसल्यावर नाक आणि कान जागे ठेवा. जळका वास, चाकातून किर्र आवाज, ड्रायव्हर पेडल पुन्हापुन्हा दाबतोय असं दिसणं, यांतलं काहीही जाणवलं तर गाडी थांबवायला सांगा. गाडी चालवता येत नाही म्हणून गप्प बसू नका. भाडं आपण दिलेलं असतं, आणि मांडीवर आपलंच मूल असतं.

आणि पेडल तळाला गेलंच, तर ड्रायव्हरवर ओरडू नका. त्याला पेडल भराभर पंपासारखं मारू द्या, एकेक गियर खाली आणू द्या, हँडब्रेक हळूहळू ओढू द्या. गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घ्यायची, मग पत्रा घासला तरी चालेल. आमच्या त्या ड्रायव्हरने मुंबईला परतल्यावर ऑइल बदललं. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं, असं त्यानेच फोन करून सांगितलं.